पुलासाठी घेतलेलं रीळ

आबेल फुर्तादो बायकोशी आयुष्यात एकाच बाबतीत खोटं बोलला, पण ते एक खोटं तो एकवीस वर्षं न चुकता बोलत आला. मासे कुठे धरतोस, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "जुन्या पुलावर." बायकोला, ओडेतला हेच, शेजाऱ्यांना हेच, चर्चच्या पाद्र्यांनी सहज विचारलं तर त्यांनाही हेच.

तसं पाहिलं तर पेकम हार्बर या किनाऱ्यावरच्या गावात गळ टाकणारा एकही माणूस आपली जागा खरी सांगत नाही. पण आबेलने त्याचं शास्त्र केलं होतं. पहाटे तो ट्रक चर्चच्या मागे लावायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, गडी प्रार्थनेला आलाय. मोबाइल घरीच पावाच्या डब्यात ठेवायचा, कारण हल्ली फोन माणसाचा ठावठिकाणा सांगतात असं त्याने रेडिओवर ऐकलं होतं. मग दोन मैल पायी. शेवटी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून, लाटा अंगावर घेत पाण्यातून एका खडकापर्यंत. बसलेल्या गायीसारखा दिसतो म्हणून त्याच्या थोरल्या भावाने, जुस्तिनोने, त्या खडकाचं नाव 'गाय' ठेवलं होतं.

ही जागा जुस्तिनोने शोधलेली. आजारी पडला त्या वर्षी त्याने ती आबेलला दाखवली, कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली, आणि हिवाळ्यात तो गेला. त्याच्या मागे आबेलला मिळालं काय, तर एक लोकरीची टोपी आणि गाय. टोपी पुढे कसरीने खाल्ली. गायीवर दुसरा कोणी उभा राहिलेला दिसला तर आपला भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, हे आबेलला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तो कुणालाही ताकास तूर लागू देत नसे.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस त्याच्या गळाच्या काठीचं जुनं रीळ कायमचं अडकलं. पट्टेरी बास मासे किनाऱ्याला यायला जेमतेम आठवडा उरला होता. आबेल डॉट हॅस्केलच्या दुकानात गेला.

डॉट सहासष्ट वर्षांची. गुडघे गेले म्हणून दहा वर्षांपूर्वी तिने स्वतः मासे धरणं सोडलं, पण दुकान पहाटे पाचला उघडायचं सोडलं नाही. रीळ विकायची, रीळ दुरुस्त करायची, आणि गिऱ्हाइकाला बोलून घ्यायची.

"आठवड्यातून किती दिवस जातोस?" तिने विचारलं.

"दोन-तीन." जात होता पाच.

"उभा कुठे राहतोस?"

आबेलच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "तुला कशाला हव्यात चौकशा?"

"अरे, रीळ द्यायचंय तुला, मुलगी नाही. पाण्यात उतरतोस की कोरड्यावर उभा राहतोस, एवढंच सांग."

"पुलावर. सगळ्या गावाला माहितीये."

डॉटने काउंटरवर दोन रिळं ठेवली. "दोन्ही अडीचशे डॉलरच्या आसपास. याहून स्वस्त घेशील तर मीठ ते एका उन्हाळ्यात खाऊन टाकेल. याहून महाग घेशील तर कपाटात ठेवून त्याची पूजा करशील. आता बघ. हे बंदिस्त आहे. आत प्रत्येक सांध्याला रबराची कडी. लाटेने आंघोळ घातली तरी थेंब आत जात नाही. पण जड आहे, फिरायला जरा घट्ट, आणि बिघडलं तर कंपनीकडे पाठवावं लागतं."

"आणि हे?"

"हे साधं. हलकं, लोण्यासारखं फिरतं, अंग सगळं धातूचं. महिन्यातून एकदा उघड, ग्रीस भर, दहा वर्षं काढेल. फक्त बुडवायचं नाही. बुडवलंस तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"बेअरिंग कुठल्यात जास्त?"

"खोक्यावरचे आकडे मासे वाचत नाहीत, आबेल. तंगूस जिच्यावरून फिरते ती चक्री गंजली नाही म्हणजे झालं. दोन्हींची चांगली आहे."

आबेलला हवं होतं बंदिस्त. हात तिकडे गेलासुद्धा. पण पाण्यापासून तीस फूट उंच पुलावर उभ्या राहणाऱ्या माणसाला पाण्यात न बुडणारं रीळ कशाला, हा प्रश्न आलाच असता. त्यात मागे फ्रिजपाशी एक जण गळाला लावायच्या किड्यांची डबी निवडत होता. दहा मिनिटं झाली, डबी तीच होती. कान मात्र इकडे.

"साधं दे," आबेल मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "पुलावर कुठे येतात लाटा?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मीच उभा राहतो ना तिथे."

डॉटने चष्म्यावरून त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बिल केलं.

तीन आठवडे रीळ खरंच लोण्यासारखं फिरलं. आबेल रोज ते गोड्या पाण्याने हलकेच पुसायचा, तेल द्यायचा, फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पण गायीवर लाटा कमरेच्या वरून जातात, त्यांना हे सांगणार कोण? मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, उजाडता उजाडता, त्याच्या गळाला असा मासा लागला की काठी पार वाकली. एकवीस वर्षांत असा मासा त्याने ओढला नव्हता. आणि नेमकं तेव्हाच रिळाच्या पोटात करकर सुरू झाली. मूठ फिरेना, ब्रेक सुटेना. मासा वळला, तंगूस ताणली आणि तुटली. आबेलला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते त्याचं ठरलेलं होतं.

शाळेच्या मुलांना सोडून झाल्यावर (बावीस वर्षं तो शाळेची बस चालवत होता, एकदाही उशीर नाही) तो थेट दुकानात शिरला.

"चांगली शेंडी लावलीस मला. तीन आठवडे नाही टिकलं."

डॉटने काउंटरवर पांढरा कागद पसरला, बारीक पेचकस घेतला आणि रिळाचं झाकण उघडलं. आधी खारं पाणी गळलं. मग तपकिरी झालेलं ग्रीस. मग तिने रीळ कागदावर हलकेच आपटलं, आणि चिमूटभर वाळू पडली.

वाळू जांभळी होती.

पेकमच्या अख्ख्या किनाऱ्याला वाळू करडी. जांभळी वाळू एकाच ठिकाणी आहे, गायीच्या पायथ्याशी, आणि जन्म इथेच काढलेल्या डॉटला हे माहीत नसणं शक्य नव्हतं.

"पुलावर हल्ली वारा फार सुटतो वाटतं," डॉट म्हणाली.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि दुसरं गिऱ्हाईक आलं. डॉटने झटकन कागदाची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "ठेवून जा. गुरुवारपर्यंत करते."

आबेल बाहेर आला तो एकच गोष्ट घेऊन: खिशात टाकली. कचऱ्यात नाही टाकली, खिशात. आता ती कुणाला दाखवणार? तिचा भाचा उन्हाळ्यात बोट भाड्याने देतो, त्याला? की रोज सकाळी दुकानात कॉफी ढोसत बसणाऱ्या त्या टोळक्याला? गुडघे गेले म्हणते, पण गेलेत कशावरून? दुकानात तर दिवसभर उभी असते. संशयाला एकदा वाट दिली की तो घरचाच होऊन बसतो, आणि आबेलने तर त्याला जेवायलाही वाढलं.

मंगळवारी पहाटे तो नेहमीसारखा निघाला, पण काठी न घेता. गायीसमोरच्या उंचवट्यावर रानगुलाबाची काटेरी झुडपं आहेत, त्यांत दुर्बीण घेऊन बसला. कोणी आलं नाही. बुधवारीही नाही. खाली गायीभोवती बासची नुसती झुंबड उडाली होती, शेपट्यांचे आवाज वरपर्यंत येत होते, आणि हा शहाणा चुरीसो सॉसेज घातलेला पाव चावत झुडपात पहारा देत होता. गुरुवारी संध्याकाळी डॉटचा घरी फोन आला.

"रीळ झालंय म्हणते," ओडेत म्हणाली. "आणि तुझ्याशी काहीतरी बोलायचंय तिला."

"मी घरात नाही म्हणून सांग."

"घरात तर बसलायस. भांडलास का तिच्याशी?"

"सांग म्हटलं ना."

बोलायचंय. म्हणजे सौदा करायचाय. अर्धी जागा तुझी, अर्धी माझी. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि शुक्रवारी पहाटे झुडपात बसल्या बसल्या मात्र लागला.

जाग आली ती गाडीचं दार आपटल्याच्या आवाजाने. तोंडावर ऊन होतं. त्याने आधी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि त्याला चक्क आनंद झाला. मी म्हणत नव्हतो? डॉट हॅस्केल काठावर उभी होती.

काठी आणली नव्हती. म्हणजे आज नुसती टेहळणी. ती लंगडत पाण्याच्या कडेने चालू लागली. मधेच थांबे, कपाळावर हात धरून गायीकडे बघे, खडकाच्या मागे काय आहे ते मान लांब करून बघे. मग तिने एक वाळकं लाकूड उचललं आणि किनाऱ्याला लागलेल्या शेवाळाच्या ढिगात खुपसून पाहिलं. मग पुढच्या ढिगात. शेवाळात काय शोधतेय ही, ते आबेलला कळेना. मग ती बुटांसकट पाण्यात शिरली, गुडघाभर, एक लाट आली तशी मांडीपर्यंत भिजली, आणि तिने हाक मारली.

"आबेल!"

ती कुणाला बोलावण्याची हाक नव्हती. उत्तर येणार नाही असं धरून मारलेली हाक होती. आबेलच्या हातातली दुर्बीण खाली आली. ती जागा बघत नव्हती. ती त्याचं प्रेत शोधत होती.

मग त्याने वर सूर्याकडे पाहिलं आणि त्याला बस आठवली.

काट्यांनी दोन्ही हात ओरबाडून घेत तो खाली धावला. डॉटने वळून पाहिलं आणि ती तिथेच पाण्यात बसली. त्याने तिला धरून कोरड्यावर आणलं. पुढची दोन मिनिटं ती त्याला काय काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची आई असती तर त्या शिव्या तिलाही लागल्या असत्या.

"मुलं थांब्यांवर उभी राहिली," दम खात ती म्हणाली. "शाळेने ओडेतला फोन केला, ओडेतने मला. तुझा फोन पावाच्या डब्यात वाजतोय. अग्निशमनची होडी पुलाखाली फिरतेय, आबेल. दोन पाणबुडे उतरलेत. ओडेत वर कठडा धरून उभी आहे."

"मग तू इथे कशी?"

"वाळू बघितली होती ना मी. गुरुवारी तेच सांगायचं होतं, की खोटं कशाला बोलतोस, हे घे बंदिस्त, बदलून देते. बाजूला काढून ठेवलं होतं."

"त्यांना सांगितलंस? या जागेचं?"

डॉटने ओल्या बाहीने नाक पुसलं. "नाही."

"का?"

"तुझी जागा आहे. जुस्तिनोची; त्याच्या रिळातही हीच वाळू असायची. म्हटलं, आधी एकटीने बघावं. दहा मिनिटं धरली होती मनाशी, मग फोन करणार होते." तिने घड्याळ बघितलं. "बावीस झाली. तू खरंच बुडत असतास तर या वरच्या बारा मिनिटांसाठी मी कुठे तोंड लपवलं असतं, सांग मला."

आपण मेलो असं वाटत असतानाही ही बाई आपलं गुपित राखत होती, आणि आपण झुडपात बसून तिच्या गुडघ्यांची खातरजमा करत होतो. आबेलला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"फोन दे," तो म्हणाला.

ओडेतने पहिल्या घंटीला उचलला. पलीकडे वारा होता, होडीच्या इंजिनाचा आवाज होता, पुष्कळ माणसं होती. कोणीतरी फोन स्पीकरवर टाकलेला असावा, कारण आबेल "मी आहे" म्हणाला आणि सगळा पूल एकदम ओरडला. मग हळूहळू शांत झाला.

"कुठे आहेस तू?" ओडेत रडत विचारत होती. "पुलाखाली शोधतायत रे तुला. कुठे आहेस?"

एकवीस वर्षांचं उत्तर जिभेवर आलंच होतं. आबेलने समोर पाहिलं. ओहोटी लागली होती, गायीची पाठ उघडी पडत होती.

"पुलावर मी कधीच नव्हतो, ओडेत," तो म्हणाला. "नीट ऐक. चर्चच्या मागून निघायचं. दोन मैलांवर कॉगनची बंद पडलेली डेअरी लागते. तिच्या बाजूने रानगुलाबांतून पायवाट खाली उतरते. समोर एक मोठा खडक आहे. ओहोटीला छातीभर पाण्यातून जाता येतं. जुस्तिनो त्याला गाय म्हणायचा. मी तिथे असतो. रोज तिथेच असतो."

ओडेतचे हुंदके तेवढे ऐकू येत होते. मग मागून एक पुरुषी आवाज आला, आणि तो अग्निशमनवाल्याचा खासच नव्हता.

"डेअरीच्या कुठल्या बाजूने म्हणालास? डाव्या की उजव्या?"

डॉटने हात पुढे करून फोन काढून घेऊ पाहिला. आबेलने तो दिला नाही.

"डाव्या," तो म्हणाला.