शून्य तारखेची औषधं

“आता तक्रारीला एकच फोन नंबर!” उत्कर्षा म्हणाली आणि मीटिंगमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खराडीतल्या आयटी ऑफिसांत फुकटच्या पिझ्झ्यालाही एवढ्याच वाजतात.

एकोणीस वर्षं मी एका औषध वितरकाचा डेटाबेस सांभाळतोय. डेटाबेस एका कंपनीच्या यंत्रांवर, बाकीचं सगळं दुसरीच्या क्लाउडमध्ये, आणि दोघींचं हाडवैर. साठ्याची यादी उघडायला चार मिनिटं लागत. तक्रार केली की ही म्हणे तिकडे विचारा, ती म्हणे इकडे. मग बिबवेवाडीच्या गोदामातून तुळजाबाईंचा मला फोन.

“सायेब, यादी निघंना. गिऱ्हाईक दारात उभं हाय.”

मी खटपट करून यादी काढून द्यायचो. “तुमी हाय म्हनून चाललंय,” त्या म्हणायच्या. या एका वाक्यावर मी जगत होतो, कबूल करतो.

आता त्या दोघींनी हातमिळवणी केली. पहिलीची यंत्रं दुसरीच्याच इमारतीत बसणार. यादी चार सेकंदांत. कोड तोच, विकत घेतलेले सॉफ्टवेअरचे परवानेही तेच. गिऱ्हाइकाचं भलंच होतं हो, नाही कोण म्हणतंय? पण आमच्या ऑफिसात हे जमवून आणलं एकतीस वर्षांच्या उत्कर्षाने, आणि मी जळलो. तिच्या डब्यातली भाजी चांगली दिसली तरी मला राग यायचा.

“आमोद सर, जुन्या सिस्टिमच्या हँडओव्हरमध्ये काही सांगायचं राहिलंय का?” तिने सोमवारी विचारलं.

“छे! तुमच्यासारख्या हुशार माणसांना आम्ही काय सांगणार?”

राहिलं होतं. औषधाच्या मुदतीत नुसता महिना नि वर्ष असतं, म्हणून गोदामातले लोक दिवसाच्या जागी शून्य टाकतात. शून्य तारखेचा माल यादीत येतच नाही. त्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिली होती. ती रोज पहाटे शून्याच्या जागी महिनाअखेर घालायची. ती डेटाबेसमध्ये नव्हती, एका जुन्या सर्व्हरवर होती. डेटाबेस हलला की ती मागेच राहणार, निम्मा माल यादीतून गायब होणार आणि सगळे माझ्याकडे धावत येणार. येऊ देत म्हटलं. आठवडाभर तोंडातून ब्र काढला नाही.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. उत्कर्षाने फोन स्पीकरवर टाकला. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो.

“अगं पोरी, बटन दाबलं न् यादी हजर!” तुळजाबाई म्हणाल्या. “समदा माल बरोबर हाय. मोजून बघितला.”

“सगळा?” मी विचारलं.

“सायेब, तुमी हाय व्हय? समदा! आता तुमाला फोनचा तरास न्हाई बगा.”

उत्कर्षाने फोन ठेवला.

“शून्य तारखा?” मी विचारलंच.

“ती स्क्रिप्ट मला मंगळवारीच सापडली, सर. तुम्ही वरती मराठीत लिहिलंय, ही बंद पडली तर गोदाम बंद.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

ती स्क्रीनकडेच बघत होती. “सोमवारी विचारलं होतं ना. म्हटलं, तुम्ही सांगाल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबले, मग मीच हलवली.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं, शनिवार पेठेतला आहे मी. तिने नुसता हँडओव्हरचा कागद पुढे केला. शेवटची ओळ तिने आधीच टाइप केली होती : ‘जुन्या सिस्टिमची सर्व माहिती, स्क्रिप्टसह, आमोद सरांनी वेळेत दिली.’

“सर, इथे सही.”

तिच्या या चांगुलपणाचाही मला हेवाच वाटला. ती ओळ खोड, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मी सही केली.