सहकर्जदार

"मॅडम, तुमच्या नावावर एक होम लोन राइट ऑफ दिसतंय," ठाण्याच्या बँकेतली मुलगी म्हणाली आणि तिनं स्क्रीन रचनाकडे वळवला.

रचना हसलीच. कळव्याच्या एका लॅबमध्ये ती अकरा वर्षं रक्त काढायचं काम करत होती. नवरा राजरत्न महापालिकेच्या पंपिंग स्टेशनवर होता. दोघांनी फ्रिजसुद्धा रोखीनं घेतलेला. कळव्यातल्या एका वन रूम किचनसाठी टोकन देऊन ते आयुष्यातलं पहिलं कर्ज मागायला आलेले.

"दुसऱ्या कुणाचं असेल," ती म्हणाली.

"पॅन तुमचाच आहे. जॉइंट लोन आहे, म्हणजे तुम्ही सहकर्जदार. दुसऱ्याचं नाव तुमच्या रिपोर्टमध्ये येत नाही. २०१८ पासून हप्ते थकलेत. बँकेनं फ्लॅटचा ताबा घेऊन तो विकला असणार. विकूनही फिटले नाहीत ते सहा लाख दहा हजार इथं दिसतायत."

"राइट ऑफ म्हणजे माफच ना?" राजरत्ननं विचारलं.

"नाही सर. वसूल होईल ही आशा बँकेनं सोडली, एवढंच. देणं तसंच राहतं. आणि हे दिसतंय तोवर कुठलीच बँक तुम्हाला उभं करणार नाही."

पत्त्याच्या रकान्यात शहाडच्या एका बिल्डिंगचं नाव होतं. ते वाचलं आणि रचनाचं हसू गेलं. तिचा मोठा भाऊ प्रफुल्ल तिथं राहायचा. भाड्यानं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलेलं.

"मी कुठंच सही केलेली नाही," ती म्हणाली.

"मग ज्या बँकेनं लोन दिलं तिला लिहा. रिपोर्ट काढणारी कंपनी स्वतःहून काही पुसत नाही, बँकेनं कळवलं तरच पुसते. आणि बँक पोलीस तक्रारीची कॉपी मागेल. सही खोटी आहे म्हणून." मुलीनं आवाज खाली आणला. "ओळखीतलं कुणी आहे का?"

रचनानं रिपोर्टची प्रिंट मागून घेतली. रिपोर्टवर तिच्या नावापुढे तीन फोन नंबर होते. एक तिचा, एक लॅबचा. तिसरा तिनं बाहेर येऊन जिन्यात उभ्या उभ्या लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. रचनानं तो लगेच ओळखला. ती शिवानी होती, प्रफुल्लची बायको. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली.

गेलेली म्हणजे, प्रफुल्लच्या म्हणण्याप्रमाणे, दुसऱ्या माणसाबरोबर. तो एकटाच विठ्ठलवाडीला आईकडे परत आला आणि आईपुढे रडला. आठवड्यानं शिवानी आपले कपडे आणि दहावीचं सर्टिफिकेट न्यायला चाळीत आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता. रचना त्या दिवशी माहेरी होती. तिनं काही विचारलं नाही. शिवानीचे केस मुठीत धरले, तिला गॅलरीतून ओढत नेली, पायऱ्यांवरून खाली ढकलली आणि वरून चप्पल मारली. चाळ बघत होती. दादाची बाजू आपण घेतली, याचा तिला कितीतरी दिवस अभिमान वाटत राहिला.

शिवानी आता उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. हातांना निळा रंग लागलेला. समोरच्या टपरीच्या बाकावर बसताना म्हणाली, "ह्या बाजूला बसा, ताई. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

रचनानं रिपोर्टचा कागद पुढे केला. शिवानीनं तो हातात घेतला नाही.

"सही मी केलेय. तुमची," ती म्हणाली.

"तू?"

"ह्यांच्या एकट्याच्या पगारावर लोन बसत नव्हतं. तुमचा पॅन आणि पगाराच्या स्लिपा ह्यांनी गाडीच्या इन्शुरन्सला लागतात म्हणून आणल्या होत्या. एजंट घरी आला, फॉर्म ठेवून गेला. मी म्हटलं, ताईंना विचारा तरी. तेव्हा मी कपड्यांना इस्त्री करत होते." तिनं उजवी बाही वर सारली. कोपराच्या खाली त्रिकोणी डाग होता, त्यावरची कातडी चकाकत होती. "ह्यांनी तीच मोजून दहापर्यंत दाबून धरली. मग मी सगळ्या पानांवर सह्या केल्या. नंबरही माझाच घातला, बँकेचा फोन तुम्हाला जाऊ नये म्हणून."

रचनानं विचारलं, "आणि कान?"

"बँक ताबा घ्यायला आली त्या दिवशी. पोलीस होते, कुलूप तोडणारा होता. नोटिसा तर वर्षभर येत होत्या, हे फाडून टाकायचे. त्या दिवशी ह्यांनी आतून कडी लावली, सिलेंडरची नळी काढली आणि हातात लायटर धरून उभे राहिले. म्हणाले, या आत, सगळे जाऊ. शेजारच्या घरात दोन लहान पोरं होती. मी ह्यांच्या मागून जाऊन कडी काढली." तिनं बाही खाली केली. "लोकांनी हिसकून घेतला लायटर. पण मला सोडवेपर्यंत ह्यांनी माझं डोकं जिन्याच्या कठड्यावर चार वेळा आपटलं होतं. त्यानंतर आठवड्यानंच मी विठ्ठलवाडीला आलेले."

त्याच्या पुढचं सांगायची गरज नव्हती. कारखान्याची घंटा झाली.

"मी तक्रार केली तर तुझं नाव सांगणार नाही," रचना म्हणाली.

"मग अक्षर कुणाचं असं विचारतील तेव्हा काय सांगाल?" शिवानी उठली. "आधी ठरवा, ताई. अर्ध्यात सोडणार असाल तर मला परत फोन करू नका."

रचनाला तरीही वाटत होतं, दादा आधी ऐकेल. बँकेला एक पत्र लिहून देईल की बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी ती विठ्ठलवाडीला निघाली.

"मी वर येतो," चाळीच्या तोंडाशी बाइक लावत राजरत्न म्हणाला.

"नको. तू दिसलास तर तो हात उचलेल."

"आणि नाही दिसलो तर नाही उचलणार?"

ती वर गेली.

आई मंदाकिनी गॅसपाशी शिट्टी उचलून कुकरची वाफ काढत होती. प्रफुल्ल खाटेवर मोबाइल बघत पडला होता. रचनानं रिपोर्ट त्याच्या छातीवर ठेवला. त्यानं वाचला, घडी केला आणि उशीखाली सारला.

"जुनं आहे. जाईल आपोआप."

"कधी जाईल? माझं घर चाललंय हातचं. तू बँकेला लिहून दे, दादा. फक्त एवढंच."

"लिहून देऊ आणि आत जाऊ?" तो उठून बसला. "तुझ्या शिक्षणाला पैसे कोणी भरले? पप्पा गेल्यावर फी कोणी दिली? एक सही लागली तर काय मेलीस तू?"

"सही मागितली असतीस तर दिली असती रे. तू शिवानीचा हात भाजलास."

ते नाव निघालं आणि आई वळली. तिनं दार लोटलं, कडी लावली. "हळू बोला," ती म्हणाली. "लोक ऐकतील."

रचनाला माहीत होतं, घरातले सगळे कागद लोखंडी कपाटात असतात. ती सरळ कपाटाशी गेली. वरच्या खणात बँकेची जाड फाइल होती, लग्नाच्या अल्बमखाली. आईनंच ती तिथं ठेवलेली असणार. तिनं हात आत घातला, फाइल ओढली, आणि प्रफुल्लनं कपाटाचं दार तिच्या मनगटावर आपटलं.

आवाज झाला तो दाराचा नव्हता. ती ओरडली. त्यानं दार उघडलं आणि पुन्हा आपटलं. मग खांद्यानं रेटून धरलं आणि तिच्या कानाशी म्हणाला, "बस, सोड ती. सोड म्हटलं ना." फाइल कधीच खाली पडली होती. त्यानं गुडघा तिच्या पोटात घातला, तेव्हा ती वाकली आणि हात कपाटातून निसटला. बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"आई, हात गेला माझा," ती म्हणाली.

"भावाच्या अंगावर गेलीस कशाला मग?" आई रडत होती, पण दारापासून हलली नाही.

प्रफुल्ल कमरेचा पट्टा काढत होता. डोक्याला दादाचं भय कळायच्या आधी रचनाचा डावा हात गॅसकडे गेला होता. कुकरची वाफ गेलेली, झाकण सैल होतं. तिनं दांडा धरून अख्खा कुकर त्याच्या अंगावर फेकला. उकळती डाळ त्याच्या मानेवर, छातीवर सांडली. तो किंचाळत खाली बसला आणि कातडीसकट बनियन ओढू लागला. रचनानं फाइल काखेत मारली, आईला खांद्यानं बाजूला लोटलं, दातांनी ओढणी सावरत कडी काढली. गॅलरीत सगळी चाळ उभी होती. कोणी हात लावला नाही. खालून राजरत्न तीन-तीन पायऱ्या चढत येत होता.

पोलीस स्टेशनला प्रफुल्ल त्यांच्या आधी पोचला होता, गळ्याला ओला टॉवेल गुंडाळून. बहिणीनं पैशांसाठी हल्ला केला, अशी तक्रार त्यानं देऊनही टाकली होती. हवालदारानं रचनाचा लोंबणारा हात बघितला, त्याची मान बघितली. "घरातलं आहे. दोघं मिळून मिटवा," तो म्हणाला.

राजरत्ननं शिवानीला फोन केला. ती तासाभरात आली, कारखान्यातल्या कपड्यांवरच. तिला बघून प्रफुल्ल बाकावरून उठला. ती त्याच्या समोरून चालत टेबलाशी गेली.

"ह्या फाइलीतली ताईंची सही माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून करून घेतली."

आतून साहेब बाहेर आले. "बाई, असं लिहिलं तर तुम्हीपण आरोपी व्हाल."

"लिहा," शिवानी म्हणाली आणि बाही वर सारली.

गुन्हा नोंदला गेला. रचनाच्या मनगटात धातूची पट्टी आणि पाच स्क्रू बसले. प्रफुल्ल तीन आठवडे आत होता, मग जामिनावर सुटला. फाइलीतली कागदपत्रं आणि तक्रारीची प्रत जोडून राजरत्ननं बँकेला चार अर्ज केले. पाचव्या महिन्यात रिपोर्टवरून ते खातं गेलं. तोवर कळव्याची खोली दुसऱ्याला विकली गेली होती आणि टोकन बुडालं होतं. रचनाच्या बोटांना शीर चाचपता येईना, म्हणून लॅबनं तिला काउंटरवर बसवलं. पगार कमी झाला. दर महिन्याला ती शिवानीच्या वकिलाला पैसे पाठवायची. शिवानीनं नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत.

कल्याणच्या कोर्टात पहिली तारीख लागली त्या दिवशी दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रफुल्ल आईबरोबर आला. मानेवरची कातडी गुलाबी, ताणलेली. तो आधी सरळ पुढे गेला, मग अचानक वळला आणि शिवानीच्या गळ्यावर दोन्ही हात टाकले. भिंतीवर तिचं डोकं आपटल्याचा आवाज झाला. रचनाचा उजवा हात कामाचा नव्हता. ती मधे घुसली, कपाळ त्याच्या नाकावर हाणलं, आणि नाक फुटलं तरी तो सुटेना म्हणून त्याच्या हाताला चावली. दोन पोलिसांनी त्याला उचलून मागे ओढला. आई रचनाला शिव्या घालत होती, तळतळाट देत होती. सगळ्यांसमोर, वकिलांसमोर, मोठमोठ्यानं.

शिवानीच्या वकिलानं तिथल्या तिथे अर्ज टाकला. पुढच्याच आठवड्यात प्रफुल्लचा जामीन रद्द झाला. शिवानीला माफीची साक्षीदार करावं असा अर्जही गेला. त्यावर तारखा पडत राहिल्या.

त्या दुपारी मात्र शिवानी व्हरांड्याच्या नळावर बराच वेळ गळा धूत होती. रचना शेजारी उभी राहिली.

"वहिनी, त्या दिवशी पायऱ्यांवर मी..."

"माहितेय मला, काय केलंत ते," शिवानी म्हणाली. तिनं नळ बंद केला, पदरानं मान पुसली. "भूक लागलेय. आधी जेवू."

दोघी कोर्टाबाहेरच्या खानावळीत गेल्या. तिथं गर्दी होती, तरी त्यांना एक टेबल मिळालं.