पाटीच्या दगडावरची द्राक्षं

आंबा हातातही न घेता, नुसत्या वासावरून तो कातळावरचा की खाडीकाठच्या गाळातला, हे गंगाराम सांगायचा आणि ते खरं निघायचं. रत्नागिरीच्या बाजारातले भलेभले व्यापारी त्याच्या नाकाला मान देत. अशा माणसाने चार दिवस पोटच्या पोरीशी अबोला धरला होता. दर्शना दापोलीला शेतकी शिकली, पुढे दोन वर्षं जर्मनीत द्राक्षाच्या मळ्यावर राहिली आणि आता तिथले लोक तिला कायमचं ठेवून घ्यायला तयार होते. सोमवारी तिला हो-नाही कळवायचं होतं. “माझ्यामागे आंब्याची तीनशे कलमा कोण बघणार?” एवढंच गंगाराम बोलला आणि गप्प झाला. बापाच्या मनाविरुद्ध पोरगी जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी पेट्या भरून झाल्यावर दर्शनाने जर्मनीहून आणलेल्या वाईनच्या दोन बाटल्या फ्रिजमधून काढल्या आणि बापापुढे काचेचे दोन पेले ठेवले.

“दारू? माझ्या पुढ्यात?”

“प्यायची नाय, बाबा, पारखायची. मालक एक, द्राक्षाची जात एक. एक सपाट मळ्यातली, एक डोंगरावरची. कुठली कुठली ते सांगा.”

हे बरोबर वर्मी लागलं. पारख करायला बोलावल्यावर पाठ फिरवणं गंगारामच्या रक्तात नव्हतं. त्याने खळखळून चूळ भरली आणि पहिला घोट घेतला.

“साखर घातलीत गो हेच्यात!” त्याने पेला खाली आपटला. पावडर मारून पिकवलेला आंबा आणि साखर घातलेला रस, दोन्ही त्याच्या लेखी चोरीच.

“एक दाणा नाय. द्राक्षाचीच साखर ती. रस आंबत असताना मध्येच गार करून थांबवतात, म्हणून उरते.”

गंगारामचा विश्वास बसला नाही. तरी त्याने दुसरा पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. मग घोट घेतला. आधी गोडी आली, मागोमाग तिच्या पोटातून आंबटपणा असा वर आला, की जिभेला चिकटपणा म्हणून राहिला नाही. हे त्याला ओळखीचं होतं. कातळाच्या फटीफटीतून पाणी शोधत वाढलेल्या कलमाचा आंबा असाच लागतो.

“ह्या झाडानं हाल काढलेत,” तो हळूच म्हणाला. “खाली माती नाय. दगड हाय.”

दर्शनाने मोबाइल पुढे केला. नदीवर ओणवलेला, घराच्या छपरासारखा उभा डोंगर, वेल न् वेल आपापल्या खुंटाला बांधलेला, खाली काळ्या दगडांचे नुसते पापुद्रे.

“शाळेची पाटी करतात तो दगड. दिवसभर तापतो आणि रात्री वेलांना ऊब देतो. दोन हजार वर्षं तिथे द्राक्षं लावतायत.”

“असल्या कड्यावर? काय माणसा असतील गो ती!” गंगारामने मनापासून मान डोलावली.

“मी तिथे उभी राहते ना, बाबा, तेव्हा पायाखाली आपला कातळच वाटतो.”

पोरगी इथल्या दगडांना कंटाळून पळाली, असं तो दोन वर्षं धरून चालला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमान तर पोटात मावेना.

तो पेला घेऊन उठला. बागेच्या कडेला एक दगड होता. बाग सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराला दरवर्षी तिथे दारू आणि कोंबड्याचा मान, म्हणजे राखण, द्यायची रीत होती. उरलेली वाईन त्याने त्या दगडावर ओतली, हात जोडले आणि परत आला.

“तुझ्या त्या डोंगराला राखण कोण देता?”

“तिथे तसं कोणी देत नाय, बाबा.”

“मग तुला सांभाळणार कोण तिथे?” तो खेकसला आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला. “सोमवारी हो म्हणून कळव. कलमा मी बघतो, अजून हातपाय चालतायत माझे. आणि माझा पासपोर्ट काढ. तिथली पहिली राखण मी येऊन देणार.”