काचेआडचा शेठ

आमच्या शेठची सासू ऐन दिवाळीत वारली, म्हणून आम्ही क्रूझवर गेलो. एरवी गुजरातेत भेस्तानच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसांना असलं काही सुचत नाही. हजिऱ्याहून सुटून दीवपर्यंत जाऊन परत येणाऱ्या बोटीची दोन रात्रींची तिकिटं शेठने घरच्यांसाठी काढून ठेवली होती. त्यात सुतक आलं. तिकिटं परत घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा त्याला एकाएकी आठवण झाली की वीस वर्षं आपले माग चालते ठेवणारा निंबा मास्तर म्हणून कोणी एक आहे. तिकिटांवरची नावं त्याने बदलून दिली आणि आव असा आणला, जणू आख्खी बोटच आम्हाला आंदण दिली.

निंबा मास्तर म्हणजे माझा नवरा. माग बिघडला की तो ठीक करतो, म्हणून कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणतात, आणि मीही तेच म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत लूम बंद झाले की आम्ही दर वर्षी अमळनेरच्या बाजूला गावी जातो. यंदा मास्तरांनी भावाला कळवून टाकलं की येत नाही. कारण एकच, ललित.

ललित आमचा एकुलता एक, पंधरा वर्षांचा. गेलं वर्षभर तो बापाशी बोलत नव्हता. भांडण झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तसं काही नाही. कानात ती फोनची पांढरी बोंडं खुपसून बसायचा आणि बापाने काही विचारलं की नुसती मान हलवायचा. दारावर मित्र आला की आधी उठून टीव्हीचा आवाज वाढवायचा, म्हणजे आतली आमची अहिराणी बाहेर जायला नको. बोटीवर दोन दिवस पोरगा जाईल कुठे, बोलावंच लागेल त्याला, असा मास्तरांचा हिशेब. मला तेव्हाच हसू आलं. पोटच्या पोराला बोलतं करायला ज्याला समुद्रात जावं लागतं, त्या बापाला काय म्हणावं?

मास्तरांना ऐकू कमी येतं, हेही सांगायला हवं. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यावर कोणाचे कान शाबूत राहतात? म्हणून ते बोलतात ते ओरडूनच. आणि कारखान्यात तर ओरडूनही उपयोग नसतो. तिथे सगळे ओठ बघून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने चार माग पलीकडून ते वाचायचे. मीही लग्नानंतर सहा वर्षं तिथे कांडीवर सूत भरायचं काम केलं, मलाही येतं. ललित तर रांगायचा तेव्हापासून कापडाच्या ताग्यांवर बसून बिस्किट मागायचा ते असंच, बिनआवाजी. शाळेत गेला, गुजराती झाला, आणि हे सगळं विसरला. ज्याची लाज वाटते ते माणूस आधी विसरतं.

तर बोट. बोटीत चढल्याबरोबर लोकांनी पहिलं काम काय केलं, तर पिशव्यांतून थेपले आणि खाखरे बाहेर काढले. चार वेळचं खाणं तिकिटातच होतं तरी. मी हसणार नाही, माझ्याही पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा होता. पण मी निदान समुद्राकडे पाठ करून, काळे चष्मे लावून, पोट आत ओढून फोटो काढत नव्हते. बार उघडल्याची घोषणा झाली तेव्हा आपल्या दारूबंदीवाल्या गुजरातचे सगळे सभ्य पुरुष असे काही चालू लागले की पळत नाहीत एवढंच. त्यांच्या बायका मुलांना सांगत होत्या, पप्पा ज्यूस प्यायला गेलेत. दहा-दहा वर्षांची ती घोडी, त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

खोली मात्र शेठच्या नावाची, म्हणजे सगळ्यात मोठी. बाहेर समुद्रावर सज्जा. ललितने ती बघितली आणि कानातली बोंडं स्वतःहून काढली. मास्तर माझ्याकडे बघून हसले, बघ म्हटलं होतं ना, अशा अर्थाने. पोरगा खोलीचे फोटो काढत सुटला. मी बघत होते, प्रत्येक फोटोआधी तो आम्ही कुठे उभे आहोत ते बघायचा आणि फोन तेवढा बाजूला वळवायचा. आमच्या दोन पिशव्याही त्याने पायाने पडद्यामागे सरकवल्या.

पहिल्याच जेवणाला व्हायचं ते झालं. मास्तर ताट घेऊन टेबलावर बसले आणि सवयीने ओरडले, "ललित, थोडा भात ली ये रे!" सगळ्या हॉलने वळून बघितलं. पोरगा कानापर्यंत लाल झाला. भात काही आला नाही. तो ताट घेऊन जो गेला तो पार दुसऱ्या टोकाला, आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलांच्या टेबलावर. ही मुलं विठ्ठलभाईंची, एक मुलगा आणि एक मुलगी. विठ्ठलभाई साड्यांचे व्यापारी, गळ्यात चेन, बोटांत अंगठ्या, आणि बोलणं असं की समोरचा आपल्याकडेच कामाला आहे. बायको चंचलबेन. ती नवऱ्यासारखीच, फक्त गोड आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर पोरांची खेळायची खोली होती, तिला इथून तिथपर्यंत काच. आत गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली की काच थरथरत होती. ललित आणि विठ्ठलभाईंची मुलं काचेला टेकून बसली होती. ललित हसत होता. त्याला असं हसताना मी वर्षभर बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, तेवढ्यासाठी मी त्या बोटीला, त्या थेपल्यांना आणि त्या बारला सगळ्यांना माफ केलं होतं.

मग विठ्ठलभाईंच्या मुलीने काहीतरी विचारलं. मला तिचे ओठ दिसत नव्हते. ललितचे दिसत होते.

"पप्पा न आव्या. नानी ऑफ थई गया ने," तो म्हणाला.

आजी वारली म्हणून पप्पा आले नाहीत. माझी आई अमळनेरला ठणठणीत आहे. शेठची सासू पोराने स्वतःची आजी करून टाकली होती, आणि शेठला बाप. मग त्या मुलीने काचेतून आमच्याकडे बोट केलं. ललितने वळूनही बघितलं नाही. काच मध्ये, आत एवढा आवाज, आणि बाप बहिरा. त्याला कसली भीती?

"ए तो अमारा मास्तर छे, लूम पर काम करे. ने पेली रसोईवाळी."

बाप लूमवरचा नोकर, आणि मी स्वयंपाकीण. मी मास्तरांकडे बघितलं. चहाचा कप त्यांच्या ओठांपाशीच थांबला होता. त्यांनी सगळं वाचलं होतं. कान गेलेत त्यांचे, डोळे नाही.

मी उठले. आत जाऊन त्या काचेसमोरच त्याच्या कानाखाली आवाज काढायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मास्तरांनी माझं मनगट धरलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

"खोटं काय सांगं त्यानी? मास्तर तं मी शेच ना."

"आनि मी रसोईवाळी शे का?" मी विचारलं.  ते म्हणाले, पोरगा हसतोय, दोन दिवस हसू दे. मला त्या माणसाची एवढी चीड आली की त्या पोराचीही तेवढी आली नसेल. अपमान गिळणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, पण तो साखर घालून पिणारा हा एकच.

पुढचा सगळा वेळ मास्तर खरोखरच नोकर झाले. ललितला हाक मारायची त्यांनी बंद केली. जेवायला दूर बसायचे, शेठच्या पोराच्या टेबलाजवळ नोकराने बसू नये म्हणून. विठ्ठलभाईंना मुलांकडून बातमी लागलीच होती. भातासाठीची ती हाक त्यांनी जुन्या, बहिऱ्या नोकराचा लाड म्हणून सोडून दिली असावी. त्यांनी मास्तरांना आधी बर्फ आणायला पाठवलं, मग चष्मा विसरला म्हणून खोलीत, मग कुटुंबाचा फोटो काढायला. ललित त्या फोटोत मधोमध उभा होता. मास्तरांनी फोन डोळ्यांपुढे धरून बोटाने त्याला थोडं आत सरकायची खूण केली आणि तो सरकला. चंचलबेनने मला विचारलं, शेठच्या घरी डाळीला फोडणी कशाची देतेस, आणि आमच्याकडेही अशीच एखादी बाई लावून दे ना. मी म्हणाले, बघते.

मी का बोलले नाही, असं कोणी विचारेल. मलाही तेच कळत नाही. एकदा तोंड उघडलं असतं तर त्या पोराला सगळ्या बोटीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याला जन्माची अद्दल घडायला हवी होती, आणि ती माझ्या हातून घडायला नको होती. त्याने स्वतः सांगावं, दोन शब्द, हे माझे वडील आहेत. एवढंच मला हवं होतं. खोलीत तो रात्री यायचा, बोंडं कानात घालून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी वाट बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट हजिऱ्याला लागली. बाहेर पडायच्या हॉलमध्ये एकच गलका. ट्रॉल्यांचा खडखडाट, भोंग्यावरच्या सूचना, हरवलेल्या पोरांच्या नावाने हाका. जवळजवळ आमच्या कारखान्याएवढा आवाज. विठ्ठलभाईंनी त्यांच्या दोन सुटकेसा मास्तरांपुढे ठेवल्या आणि गाडीच्या दिशेने हात केला.  मास्तरांनी आमच्या दोन पिशव्या माझ्याकडे दिल्या आणि त्या उचलल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या कमरेत उसण भरली होती, आठ दिवस पडून होते. ललितला ते माहीत होतं. शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी तोच आणून देत होता.

ललित मुलांबरोबर पुढे गेला होता. तो वळला. बाप दोन हातांत दोन सुटकेसा घेऊन वाकडा चालतोय हे त्याने बघितलं. आणि मग त्याचे ओठ हलले, बिनआवाजी, ताग्यांवर बसायचा तेव्हा हलायचे तसे.

"पप्पा, ठेवी द्या त्या."

मास्तर थांबले. सुटकेसा खाली ठेवल्या नाहीत. त्यांनीही आवाज न काढता उत्तर दिलं.

"मोठ्यानी सांग."

ललित तसाच उभा राहिला. आम्ही किती लांब होतो ते त्याने बघितलं, आजूबाजूचा आवाज ऐकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. ती काच आठवली त्याला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी नजर हटवली नाही. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. विठ्ठलभाई त्याच्यापासून दोन हातांवर होते. पप्पा हा शब्द त्याने नुसता मोठ्याने म्हणायचा होता, बाकी सगळं आपोआप झालं असतं.  पोटात पोर असतानाही मी देवाजवळ एवढं काही मागितलं नसेल.

तो आला, मास्तरांच्या हातातली एक सुटकेस घेतली आणि खाली मान घालून गाडीकडे चालू लागला. 

विठ्ठलभाईंनी त्याची पाठ थोपटली. आपल्या मुलांना म्हणाले, "जोयुं? आने कहेवाय संस्कार." एवढ्या मोठ्या शेठचा मुलगा नोकराचं ओझं उचलतो, शिका काहीतरी. त्यांच्या मुलांनी कौतुकाने बघितलं. आणि आमच्या चिरंजीवांनी तेही ऐकून घेतलं, सुटकेस डिकीत ठेवली आणि हात हलवून सगळ्यांना निरोप दिला. चंचलबेनने काच खाली करून मला बाईची पुन्हा आठवण करून दिली.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर बसलो, पोरगा खिडकीशी. वाटेत अडाजण आलं. मग मास्तरांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "मज्या उनी ना रे, भाऊ?" टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणा मारता येत नाही, ते काम मलाच करावं लागतं. मजा आली का, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ललितने बाहेर बघत तोंडावर हात धरला आणि हाताआड काहीतरी म्हणाला. मास्तरांना ते ऐकू गेलं नाही, आणि वाचायला ओठ दिसले नाहीत.

आता लूम सुरू होऊन महिना झाला. शेठने विचारलं तेव्हा मास्तरांनी सहल फार छान झाली म्हणून सांगितलं. ललित आमच्यासमोर फोनवर बोलायला लागला की तोंडावर हात धरतो. मास्तर म्हणतात, मिसरूड फुटतंय, लाजत असेल. एवढा समुद्र बघून पोरगा शिकला ते एवढंच. जेवताना हात भाकरीत असतात, तेव्हा तो बोलतच नाही. मास्तर समोर बसून त्याच्या ओठांकडे बघत राहतात.