बिट्टीने लावलेलं कुलूप

कुणाचं दार अडलं, कपाट रुसलं की लोक कुलूपवाल्याची टपरी गाठत. तोही देवाचं नाव गुणगुणत कानस फिरवी आणि नवी किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना म्हणे, "घ्या, काढली हिची समजूत!"

एका दुपारी त्याची बायको शिलाईच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून थेट टपरीवर आली.

"अहो, मी सुरी हातात घेतली की बिट्टी उठून बाहेर जाते. काल तर कांदा चिरताना माझा हातच धरला तिने. आई, नको ना, म्हणाली. एवढी मोठी घोडी, पण अंग नुसतं लटलट कापत होतं."

"परीक्षा जवळ आली असेल."

"परीक्षेचा आणि कांद्याचा काय संबंध? तिच्या मोबाईलला ते लहान मुलांसाठीचं कुलूप लावलंत ना? भलतंसलतं दिसू नये म्हणून?"

"लावलं म्हणजे काय! आणला त्याच दिवशी. मला कुठलं जमतंय ते? तिच्याकडूनच लावून घेतलं."

"तिच्याकडून? आणि त्याचा आकडा?"

"तिनेच ठरवला."

"धन्य आहे तुमची! सगळ्या गल्लीची कुलपं सांभाळता आणि..."

शेजारचा घड्याळवाला खो खो हसला. मग दोघांचे चेहरे पाहून त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि गुपचूप कामाला लागला.

शाळा सुटल्यावर बिट्टी टपरीवर आली; आई तिथेच थांबली होती. बापाने तिला स्टुलावर बसवलं. रागवायला त्याला तोंड होतं कुठे?

"बिटू, काय बघितलंस ते मलाही दाखव."

तिने मोबाईल छातीशी धरला. "नको."

"ओरडणार नाही. देवाशपथ."

"तसं नाही, बाबा." तिने पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. "मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला होता, गंमत म्हणून. मला वाटलं, सिनेमातलं असेल. पण सुरीखालचा तो माणूस आपल्या आईला हाका मारत होता. मी बंद केलं, तर खाली तसलेच आणखी आले. मी नाही शोधले. ते आपले आपणच येतात."

"मग बघत कशाला बसलीस गं?" आईचा आवाज चिरकला.

"वाटायचं, या वेळी तरी त्याला कुणीतरी सोडवेल."

घड्याळवाल्याचा हात थांबला.

"दाखव मला," बाप म्हणाला. "दोघांनी बघितलं की तुझा भार निम्मा होईल."

"नाही होत. मैत्रिणीचा कुठे झाला, मला पाठवून? तुम्ही बघू नका, बाबा. तुम्हाला झोप लागणार नाही."

आईने हात पुढे केला. ओढाताण होईल, रडारड होईल, अशी तिने तयारी ठेवली होती. बिट्टीने मोबाईल निमूट देऊन टाकला.

"घे. पण तो बंद असला तरी दिसतं."

बापाने मनातल्या मनात देवाला हाक मारली. पण मागायचं काय, तेच त्याला सुचेना. लेकरू समोर बसलेलं, आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट नाही. त्याने तिला जवळ ओढलं आणि आपला खरबरीत तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला.

"आता?"

"दिसतंय."

त्याने दुसराही हात ठेवला.

"आता गं?"

बिट्टी काही बोलली नाही. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती तशीच बसून राहिली.