टेपखालचा काटा

यशवंतराव उभ्या जन्मात जावयाला एक शब्द वाकडा बोलले नव्हते. देवासच्या त्यांच्या घरात रीतच तशी होती. जावयाला अहो-जाहो करायचं, भातावर दोनदा तूप वाढायचं आणि त्याचं काही खटकलं तर मुकाट्यानं गिळायचं. राहिलेला सगळा राग मग ते बाकीच्या जगावर काढत.

गुडघे गेले तसं त्यांनी आपल्या ट्रकचं स्टेअरिंग सोडलं. कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलेल्या जावयाच्या, विपुलच्या हाती ट्रक दिला. पीपलरावां गावाच्या पहिल्याच खेपेला ते शेजारी बसले आणि पस्तावले. सपाट रस्ता, आणि हा पठ्ठ्या एकाच खालच्या गियरमध्ये गाडी अशी ताणायचा की इंजिन किंचाळायचं. समोर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरवर हिरवा पट्टा होता. सपाटीला काटा त्यात राहिला की डिझेल कमी लागतं आणि इंजिनही सुखात राहतं. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर यशवंतरावांनी कान उपटून सांगितलं असतं.

जावयाला कसं सांगणार? विपुल चहा पीत होता तेवढ्यात त्यांनी मीटरच्या काचेवर काळी टेप चिकटवली. हिरवा पट्टा संपला की पुढचं सगळं झाकून टाकलं.

"विपुलराव, काटा या टेपखाली शिरू द्यायचा नाही. एवढी विनंती."

"जी मामा," विपुल म्हणाला. का ते त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. सासऱ्याला उलट प्रश्न करायची रीतही त्या घरात नव्हती. त्या दिवसापासून इंजिन मात्र गुणगुणू लागलं. यशवंतरावांनी मुलीपाशी, रुचीपाशी त्याची तारीफ केली. विपुलच्या तोंडावर केली नाही.

मग धामनोदची खेप आली. पशुखाद्याची पोती खच्चून भरलेली, आणि वाटेत निमाडात उतरणारा घाट. विपुल घाटात पहिल्यांदाच चालला होता. "घाटात सांभाळून," यशवंतराव म्हणाले. असं सगळेच म्हणतात.

दुपारी धामनोदच्या दवाखान्यातून फोन आला.

भाड्याच्या गाडीतून बाप-लेक निघाले. घाटात ट्रक दिसला. दगडांनी भरलेल्या ट्रेलरच्या पाठीत तोंड खुपसून उभा होता, पोती फुटून रस्ताभर पसरली होती. मागून आलेला एक ड्रायव्हर अजून तिथंच होता.

"चाकों से धुआँ निकल रहा था, बाबूजी. और इंजन की आवाज़ ही नहीं. न्यूट्रल में उतारी होगी, डीज़ल बचाने को."

यशवंतरावांचं डोकं फिरलं. "न्यूट्रल! बेअक्कल माणूस! अशानं माणसं मरतात!" घाट उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. रुची खिडकीबाहेर बघत बसली होती. रीत गेली खड्ड्यात, आज तोंडावर बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरनं त्यांना बाजूला घेतलं. इंदूरला पाठवतो म्हणाला, पण आशा धरू नका.

विपुल कमरेपासून खाली पट्ट्यांत गुंडाळलेला होता. सासऱ्यांना पाहून त्यानं नमस्काराला हात उचलायचा प्रयत्न केला.

"मामा, न्यूट्रल नाही केली मी. कसम. काटा टेपकडे सरकला की गियर वाढवायचो. तिसरा, चौथा, पाचवा. टेपखाली एकदापण नाही गेला."

यशवंतरावांनी खाटेचा दांडा धरला. उतारावर खालच्याच गियरमध्ये राहायचं असतं. काटा हिरव्याच्या पुढं, लाल पट्ट्याच्या अलीकडे जाऊ द्यायचा आणि इंजिनला ओरडू द्यायचं. ते ओरडणंच गाडीला धरून ठेवतं. दर वेळी गियर वाढवला तशी इंजिनची पकड सुटत गेली, सगळा भार ब्रेकवर आला आणि ब्रेक जळाले. हे त्यांच्या हातापायांना पाठ होतं. मीटरवरची नेमकी तीच जागा त्यांनी आपल्या हातानं झाकली होती.

"बाबा," रुची म्हणाली, "मग ह्यांचं चुकलं कुठं?"

विपुलही त्यांच्याकडेच बघत होता.

"काही चुकलं नाही." यशवंतरावांनी विपुलचा हात दोन्ही हातांत धरला. "बरोबर चालवलीस तू, पोरा. टेप माझी चुकली."

पण विपुलनं 'बरोबर चालवलीस तू' एवढंच ऐकलं असावं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याला सासऱ्यांनी तू म्हटलं होतं, तोंडावर कौतुक केलं होतं. त्याचा चेहरा उजळला.

"पूर्ण घाटात," तो म्हणाला, "इंजिन एकदापण नाही ओरडलं, मामा."