खाबुऱ्याहून आलेल्या फायली

प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतोच, ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. आणि ते हलू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून जपत असतो. ओमानमधल्या सूर शहरातल्या एका मासळी निर्यात कंपनीत तो माणूस म्हणजे श्रीवर्धनचा सिराज. सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात!

परदेशी माणसांच्या जागी हळूहळू स्थानिकांना घ्यायचं या सरकारी धोरणानुसार कंपनीने हसन नावाचा ओमानी इंजिनियर त्याच्या हाताखाली शिकायला दिला होता. सिराजने त्याला वर्षभर प्रिंटरच्या शाईपलीकडे सरकू दिलं नाही. बायकोने, खुदेजाने, टोकलं की म्हणायचा, "त्याला शिकवलं की आपलं खलास. माझा व्हिसा गेला की तुझा नि सनाचाही गेला." लेकीचं नाव निघालं की खुदेजा विषय सोडून द्यायची. भीती खोटी नव्हती ना!

२०१४ मधल्या एका सकाळी सर्व्हरची जागा भरली म्हणून सिराज जुन्या फायली साफ करायला बसला. शेजारी कुणी नाही, कुणाला विचारायची सवय नाही. भलत्याच फोल्डरमध्ये त्याने पुसायची आज्ञा दिली, आणि ज्या फायलींच्या जोरावर मशीन चालतं त्याच उडाल्या. चूक कळेपर्यंत सर्व्हर काही ऐकायच्या पलीकडे गेला होता.

बाहेर सुरमईने भरलेला ट्रक दुबईला निघायचा खोळंबला, कारण कागदच छापून निघेनात. मॅनेजर ओमप्रकाश दार वाजवून गेले. सिराजच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी आता राहत नाही!

कंपनीचा अगदी असाच दुसरा सर्व्हर ओमानमधल्याच खाबुरा गावच्या शाखेत होता. तो सांभाळणारे रामकृष्णभाऊ गुहागरचे. गेल्या वर्षी त्यांनी काही विचारायला फोन केला की सिराज "इन्शाल्ला, बघू" म्हणून वाटेला लावायचा. आता त्यांनाच कुठल्या तोंडाने विचारणार? पण गरज वाईट असते. त्याने फोन लावला.

"भाऊ, माझ्या हातून सर्व्हरच्या सिस्टिम फायली उडाल्या!"

"अरे, मी मस्कतच्या एअरपोर्टवर आहे. गावी चाललोय."

"मग संपलंच सगळं."

"संपलं कसं? सुरैया आहे की ऑफिसात."

"ती ओमानी ट्रेनी? तिला पासवर्ड दिलात तुम्ही?"

"पासवर्ड दिला, कामही शिकवलं. सिराज, भीती मलाही वाटते रे. पण पासवर्ड खिशात घालून मी विमानात बसलो असतो, तर आज तुला कोण हात देणार होतं? आपण इथे आलो तेव्हा आपल्यालाही कुणीतरी शिकवलंच ना? यांच्या देशात भाकरी खायची आणि यांच्याच पोरांपासून काम लपवायचं? तुला वाटतं, शिकवलेला माणूस आपली नोकरी खातो. मी म्हणतो, त्याच्यामुळेच तर मला आज सुट्टी मिळाली! थांब, तिला फोन करायला सांगतो."

लगेच सुरैयाचा फोन आला, स्वच्छ हिंदीत.

"सिराज भाई, घबराइए मत. पहले रेस्क्यू सीडी से मशीन चालू कीजिए. अब देखिए, ऑर्डर का डेटा है?"

त्याने पाहिलं. "है! सब है!"

गेलं होतं ते फक्त मशीन चालवणारं सामान. तेच हुबेहूब सुरैयाने खाबुऱ्याहून नेटवरून पाठवलं. पहिल्यांदा मशीन सुरूच होईना. "फाइलों की परमिशन देख लीजिए," ती शांतपणे म्हणाली. दोघांनी मिळून फायली वापरायच्या त्या परवानग्या दुरुस्त केल्या, आणि काय सांगावं! पडद्यावर लॉगिनची चौकट उमटली. सिराजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बेटी, आपका एहसान मैं कैसे चुकाऊँ?"

"एहसान कैसा? भाऊ ने जो सिखाया, वही किया."

ट्रक निघाला. सिराज स्वतः ओमप्रकाशांकडे गेला आणि चूक आपली, वाचवलं सुरैयाने, हे सांगून मोकळा झाला. ओमप्रकाश चांगलेच चिडले, पण शेवटी म्हणाले, "सच बोल दिया, अच्छा किया. आगे से अकेले हाथ मत लगाना." 

मग त्याने हसनला हाक मारली. हसन सवयीने विचारता झाला, "कौन सा प्रिंटर, सिराज भाई?"

सिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "प्रिंटर नहीं, हसन. मेरी कुर्सी पर बैठो. आज से सर्व्हर हम दोनों का."

वाचकहो, परदेशात असा नाहीतर आपल्या गावात, हातातली विद्या मुठीत आवळून नोकरी शाश्वत होत नाही. माणूस मात्र एकटा पडतो, आणि संकटाच्या वेळी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांचे उपकार फेडायचे असतील, तर आजच कुणालातरी शेजारी बसवा आणि शिकवा!